औषध, विष आणि शरीर: बेडकाच्या हृदयापासून पुसदच्या शिवारापर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय 'शरीरक्रियाशास्त्राचा इतिहास' असा जाहीर झाला आहे. नाव जड वाटतं, पण अर्थ सरळ आहे. शरीरात कोणता अवयव कुठे आहे हे सांगतं ते शरीररचनाशास्त्र. तो अवयव चालतो कसा, नाडी का पडते, घाम का फुटतो, श्वास कोण चालवतं, हे सांगतं ते शरीरक्रियाशास्त्र. हा इतिहास मोठा आहे, एका संध्याकाळी मावणारा नाही. म्हणून आम्ही त्यातला एकच धागा उचलला आहे. तो ऑस्ट्रियातल्या एका बेडकाच्या हृदयापाशी सुरू होतो आणि आपल्या पऱ्हाटीच्या वावरात येऊन पोचतो.

सुरुवात आपल्या बोलण्यातल्या एका शब्दापासून करू. तो शब्द म्हणजे 'औषध'. दवाखान्यातून आणतो तेही औषध आणि कृषी केंद्रातून आणतो तेही औषधच. 'आज औषध मारायचं आहे' असं कोणी म्हटलं तर आपण पंपाकडे बघतो. 'त्यानं औषध घेतलं' असं कोणी फोनवर सांगितलं, तर आपल्या जिल्ह्यात ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स होतं आणि तो आधी विचारतो, 'कोणतं?' एका शब्दाचे हे दोन अर्थ योगायोगाने जुळलेले नाहीत. दवाखान्यातलं इंजेक्शन आणि फवारणीचं विष ही एकाच ज्ञानाच्या झाडाची फळं आहेत. ते झाड कसं वाढलं ते आज बघायचं आहे. आणि त्यातून आम्हाला एक गोष्ट मांडायची आहे. हे ज्ञान बेडूक, ससे, उंदीर, घोडे यांच्या शरीरातून मिळालं. पण ज्याच्या पाठीवर पंप आहे त्या माणसाच्या शरीराकडे बघितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

दोन बेडकांची हृदयं

शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांमध्ये एक मोठा वाद होता. मज्जातंतूमधून निरोप जातो हे माहीत होतं. पण तंतू जिथे संपतो आणि स्नायू जिथे सुरू होतो, तिथे अगदी बारीक फट असते. ती फट निरोप ओलांडतो कसा? काही म्हणायचे विजेच्या ठिणगीसारखा, काही म्हणायचे एखाद्या रसायनाच्या मार्फत.

ऑस्ट्रियात ग्राट्स नावाचं शहर आहे. तिथे ऑटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनीच पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोग सुचला. उठून त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि परत झोपले. सकाळी बघतात तर स्वतःचंच अक्षर वाचता येईना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते कागदाच्या भानगडीत न पडता थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग बघा किती साधा आहे. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या योग्य द्रावणात ठेवलं, तर ते काही काळ धडधडत राहतं. लोवींनी अशी दोन हृदयं घेतली. पहिल्याला व्हेगस नावाचा मज्जातंतू जोडलेला होता, दुसऱ्याला नव्हता. व्हेगसचं काम हृदयाला लगाम घालायचं. त्याला विजेचा हलका झटका दिला, पहिलं हृदय मंदावलं. यात नवीन काही नव्हतं. मग त्या हृदयाभोवतीचं द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयावर घातलं. त्याला तर मज्जातंतूच नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे पहिल्या हृदयापाशी काहीतरी पदार्थ सुटला होता आणि तो पाण्यातून दुसरीकडे गेला होता. मज्जातंतूचा निरोप रसायनाने जातो याचा हा पुरावा. हा शोध 1921 मध्ये प्रसिद्ध झाला.

तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन. इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी 1914 पासूनच त्याचे गुण तपासायला सुरुवात केली होती, आणि 1929 मध्ये तो बैलाच्या आणि घोड्याच्या प्लीहेत सापडला, म्हणजे प्राण्यांच्या शरीरात तो नैसर्गिकपणेच असतो हे ठरलं. 1936 मध्ये डेल आणि लोवी यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. दोन वर्षांनी नाझी ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू होते. त्यांना तुरुंगात टाकलं आणि नोबेलचे पैसे नाझींच्या ताब्यात दिल्यावरच देशाबाहेर जाऊ दिलं.

आता या कथेतला महत्त्वाचा भाग. निरोप पोचला की निरोप्याला दारातून हटवावं लागतं, नाहीतर तो कडी वाजवतच राहील. शरीरात हे काम एक विकर करतं, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव कोलिनेस्टरेज. ते ॲसिटिलकोलीनचे क्षणार्धात तुकडे करतं. स्नायू आकुंचन पावतो आणि लगेच सैल होतो, तो त्यामुळेच. आफ्रिकेतल्या कॅलाबार भागात एक विषारी बी मिळते. गुन्हेगार कोण हे ठरवण्यासाठी संशयितांना ती खायला लावत. 1926 मध्ये लोवी आणि त्यांचे सहकारी नवरातिल यांनी दाखवलं, की या बीतला अर्क हे तुकडे करणंच थांबवतो. विकर बंद पडलं की ॲसिटिलकोलीन साचत जातं.

हे वाक्य लक्षात ठेवा. आजची पुढची सगळी कथा त्यावर उभी आहे.

एकच वर्ष, दोन शोध

ज्या 1936 साली डेल आणि लोवींना नोबेल मिळालं, त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, जर्मनीतल्या लेव्हरकुझेनमध्ये गेरहार्ड श्राडर नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका रसायनावर काम करत होते. आयजी फार्बेन या कंपनीसाठी ते नवं कीटकनाशक शोधत होते. हेतू सरळ होता. किडीने होणारं पिकाचं नुकसान थांबवायचं, बाहेरून धान्य कमी आणायचं. त्यांनी फॉस्फरसची संयुगं तयार केली. त्यातल्या एकाचा अगदी थोडा अंश प्रयोगशाळेत सांडला, आणि श्राडर व त्यांचा मदतनीस यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, डोकं गरगरलं, श्वास लागला. बरं व्हायला काही आठवडे लागले. ते रसायन पुढे 'ताबुन' या नावाने लष्कराने ताब्यात घेतलं. 1938 मध्ये त्याच वाटेवर 'सारिन' सापडलं. ही दोन्ही युद्धात वापरायची विषं. त्याच कुळातली थोडी सौम्य भावंडं शेतीकडे आली. 1940 च्या दशकात पॅराथिऑन आलं, पुढे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस. ही नावं आपल्या बांधावरच्या रिकाम्या डब्यांवर आपण वाचलेली आहेत.

या सगळ्यांचं काम एकच. कोलिनेस्टरेज बंद पाडणं. अळीच्या मज्जासंस्थेत ॲसिटिलकोलीन साचतं, तिचे तंतू थांबायचं नाव घेत नाहीत, ती थरथरते आणि मरते. अडचण अशी की ॲसिटिलकोलीन हे काही अळीचं खास रसायन नाही. ते अळीत आहे, बेडकात आहे, बैलात आहे आणि तुमच्याआमच्यात आहे. एका बेडकाच्या हृदयावरून माणसाच्या हृदयाचा नियम कळतो, तो निसर्ग एकच जुनी किल्ली सगळ्या घरांना वापरतो म्हणून. त्याच कारणाने अळीसाठी केलेलं विष माणसालाही लागतं. शास्त्राला ज्याने मदत केली, तेच सारखेपण फवारणाऱ्याच्या जिवावर येतं.

माणसात ॲसिटिलकोलीन साचलं की काय होतं? डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, उलटी, जुलाब. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाडी मंद. स्नायू आधी फडफडतात, मग ढिले पडतात. फुफ्फुसात पाणी साचून घरघर लागते. मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडून होतो. ही यादी वैद्यकीय पुस्तकातली वाटेल, पण आपल्यातल्या किती जणांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे हे सभागृहातल्या शांततेवरूनच कळतं.

धुऱ्यावरचा धोत्रा

आता उतारा. हाही किती जवळ आहे बघा. आपल्या धुऱ्यावर धोत्रा उगवतो, महादेवाला वाहतो तो. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाला काय होतं, हे जुन्या लोकांना माहीत आहे. तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी पळते, माणूस बरळायला लागतो. फवारणीच्या विषबाधेत जे होतं त्याच्या हे बरोबर उलटं आहे. कारण धोत्र्यात आणि त्याच्या युरोपातल्या बेलाडोना नावाच्या भावंडात जे द्रव्य असतं, ते ॲसिटिलकोलीनचा दरवाजा आतून लावून घेतं. निरोप्या कितीही ओरडला तरी आत ऐकू येत नाही. शुद्ध स्वरूपात यालाच ॲट्रोपीन म्हणतात.

एडिंबरोच्या टॉमस फ्रेझर यांनी एकोणिसाव्या शतकातच सशांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की कॅलाबारच्या बीचं विष आणि ॲट्रोपीन एकमेकांना काटतात. म्हणजे फॉस्फरसची कीटकनाशकं जन्माला येण्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी त्यांचा उतारा तयार होता. आज यवतमाळला असो की पुसदला, अशा रुग्णाला पहिलं इंजेक्शन ॲट्रोपीनचंच देतात. एक सूचना मात्र ठळकपणे. याचा अर्थ धोत्रा वाटून पाजावा असा अजिबात नाही. धोत्र्याच्या एका बीत द्रव्य किती आहे याचा काही नेम नसतो, आणि तेही विषच आहे. दवाखान्यात ॲट्रोपीन देताना दर काही मिनिटांनी छाती तपासतात, घरघर थांबून छाती स्वच्छ होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात. ते घरी होणारं काम नाही.

दुसरं औषध पाम, म्हणजे प्रालिडॉक्सिम. 1950 च्या दशकात अमेरिकेत अर्विन विल्सन यांनी ते शोधलं. विषाने पकडलेलं विकर सोडवून आणणं हे त्याचं काम. पण काही वेळाने ती पकड कायमची होते, मग पामचा उपयोग होत नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

डब्यावरचा त्रिकोण

ही कीटकनाशकं भारतात आली आणि लवकरच धडा मिळाला. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. जहाजातून आलेल्या मालात विषाचे डबे आणि अन्नधान्य शेजारी ठेवलेलं होतं. या घटनेनंतर चौकशी झाली आणि त्यातूनच 1968 चा कीटकनाशक कायदा आला. 1971 च्या नियमांनी डब्यावर रंगीत त्रिकोण छापणं सक्तीचं केलं. लाल, पिवळा, निळा, हिरवा.

हा काळ आपल्या भागासाठी खास आहे. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. महाराष्ट्राने धान्यात स्वयंपूर्ण व्हावं ही त्यांची जिद्द होती. संकरित ज्वारी आली, मग 1970 पासून संकरित कापूस आला. पीक वाढलं, आणि पिकाबरोबर किडीही वाढल्या. हरितक्रांतीने भूक हटवली हे मान्यच करायला हवं. पण बियाण्याच्या पिशवीबरोबर फवारणीचा पंपही घरात आला. आज यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला नाईकसाहेबांचंच नाव आहे, आणि फवारणीची विषबाधा झालेले जिल्ह्यातले रुग्ण तिथेच पोचतात.

आता तो त्रिकोण नीट समजून घेऊ. लाल म्हणजे अतिविषारी. पण 'अति' कशावरून ठरवलं? 1927 मध्ये ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने एक माप सुचवलं. प्रयोगातले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात, ती मात्रा. आपल्या नियमांत हेच माप आहे. उंदराला तोंडावाटे एकदा दिलेली मात्रा किलोमागे 50 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, 51 ते 500 असेल तर पिवळा, 501 ते 5,000 निळा, आणि त्यावर हिरवा. कातडीवाटे किती लागतं याचंही वेगळं माप नियमांत आहे.

म्हणजे तुमच्या डब्यावरचा रंग हा उंदराच्या मरणाचा हिशेब आहे. हे माप टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. कोणतं विष किती तीव्र, याची तुलना करायला ते उपयोगी आहे. पण वावरातला माणूस हा विष एकदा गिळणारा उंदीर नाही. तो सकाळी सातला पंप उचलतो, उन्हात आठ तास चालतो, आणि तो हे आठवडाभर करतो. विष त्याच्या तोंडातून जात नाही. ते कातडीतून जातं.

कातडी किती ओढते

याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो प्रत्येक फवारणाऱ्याला माहीत असायला हवा. 1971 मध्ये अमेरिकेत मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या शरीरावर वेगवेगळ्या ठिकाणी पॅराथिऑनची अगदी सूक्ष्म मात्रा लावली आणि त्यातली किती आत शिरली हे मोजलं. हाताच्या मनगटाखालच्या भागावरून नव्हे, कोपर ते मनगट या भागावरून सुमारे 9 टक्के आत गेली. तळहातावरून 12 टक्के. कपाळावरून 36. काखेतून 64. आणि पुरुषाच्या जांघेतल्या नाजूक भागावरून जवळजवळ सगळीच्या सगळी.

आता आपला माणूस डोळ्यांसमोर आणा. नाकाला रुमाल बांधला आहे आणि त्याला वाटतं, काम झालं. पाठीवरच्या पंपाचं झाकण थोडं गळतं. द्रावण पाठीवरून कमरेत, कमरेतून पँटमध्ये उतरतं. कपडा ओला झाला की ते विष दिवसभर तिथेच चिकटून राहतं. ज्या जागेतून सगळ्यात जास्त शिरतं, तीच जागा सगळ्यात जास्त वेळ भिजलेली. नाकावरचा रुमाल त्याला काय करणार?

दुसरी गोष्ट उन्हाची. तापमान शरीराच्या तापमानाएवढं झालं की शरीराला थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम सुकणं. त्यासाठी कातडीत रक्त वाढतं. घामेजलेली, गरम, रक्ताने भरलेली कातडी विष जास्त ओढते. आणि अंगावर प्लास्टिकचा झगा चढवला की घाम सुकत नाही, अंग भट्टीसारखं तापतं. सप्टेंबरच्या दमट उकाड्यात आपला मजूर ते संरक्षक कपडे अर्ध्या तासात काढून ठेवतो. लोक त्याला बेफिकीर म्हणतात. त्याचं शरीर मात्र अगदी शास्त्रानुसार वागत असतं. कपडे थंड हवेच्या प्रदेशाचा विचार करून बनवले असतील, तर ते इथे अंगावर राहणार नाहीत.

महाडचा धडा

माणसाकडे बघितल्याशिवाय ज्ञान पुरं होत नाही असं आम्ही सुरुवातीला म्हणालो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावसकर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीतून शिकलेले, एमबीबीएस आपल्या नागपूरला. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. त्या काळी त्याच्या दंशाने दवाखान्यात आलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात असायचं.

बावसकरांनी काय केलं? रात्रभर रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय थंड कधी पडतात, श्वास कधी लागतो, सगळं तासातासाने लिहून ठेवलं. त्यातून चित्र स्पष्ट झालं. विंचवाच्या विषाने शरीरातल्या स्वयंचलित मज्जासंस्थेत वादळ उठतं. सुरुवातीला घाम, लाळ, उलटी. मग ॲड्रिनलीनच्या जातीची रसायनं इतकी सुटतात की रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो, आणि फुफ्फुसात पाणी भरून रुग्ण दगावतो. 1982 मध्ये या लक्षणांवरचं त्यांचं लिखाण 'लॅन्सेट'ने छापलं. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते. 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत उतरलं. 2011 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी 70 रुग्णांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रतिविष. प्रतिविष मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत बरे झाले, दुसऱ्या गटातले 35 पैकी 8. डॉ. हिंमतरावांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

यात आपल्या विषयाचा एक बारकावा आहे. विंचवाच्या रुग्णालाही घाम, फवारणीच्या रुग्णालाही घाम. दोघांच्याही फुफ्फुसात पाणी. फवारणीच्या रुग्णाला ॲट्रोपीन जीवदान देतं. विंचवाच्या रुग्णाला तेच ॲट्रोपीन घातक ठरू शकतं, कारण ते लगामाची बाजू बंद करतं आणि ॲड्रिनलीनचा घोडा आणखी उधळतो. वरून सारखं दिसणारं आतून उलटं असू शकतं. हे कळायला यंत्रापेक्षाही खाटेशेजारी जागणारा डॉक्टर लागतो.

दुसरं उदाहरण बारामतीचं. तिथल्या डॉक्टर पवार आणि सहकाऱ्यांनी फॉस्फरसच्या विषबाधेच्या 200 रुग्णांवर पामची चाचणी केली. एका गटाला दर चार तासांनी इंजेक्शन, दुसऱ्याला सतत सलाइनमधून मोठी मात्रा. सतत मात्रा मिळालेल्या गटात मृत्यू 1 टक्का, दुसऱ्यात 8 टक्के. हे 2006 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 2009 मध्ये श्रीलंकेतल्या एका चाचणीत मात्र पामचा काही फायदा दिसला नाही. मग खरं काय? दोन्हीकडचे रुग्ण, त्यांनी घेतलेलं विष, दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ, सगळं वेगळं होतं. शास्त्र असंच पुढे सरकतं. पण ॲट्रोपीनबद्दल वाद नाही. 2012 मध्ये बांगलादेशातल्या चितगावला दिसलं, की ॲट्रोपीन भराभर वाढवत नेऊन मग सलाइनमधून सतत दिलं तर मृत्यू 22 टक्क्यांवरून 8 टक्क्यांपर्यंत खाली येतात. औषध तेच, स्वस्तातलं. फरक देण्याच्या पद्धतीचा.

तालुक्याच्या गावात राहून जगाला उपयोगी पडेल असं संशोधन होतं, हे महाड आणि बारामतीने दाखवून दिलं आहे.

2017 चा पावसाळा

आता आपल्याकडे येऊ. 2017 च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, दोन ओळींत हवा खेळत नव्हती, बोंडअळी बीटी वाणाला जुमानत नव्हती, आणि दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. डोक्याच्या उंचीवर फवारा मारायचा म्हणजे तो आपल्याच तोंडावर, छातीवर परत येणार. राज्य सरकारने चौकशी पथक नेमलं आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस त्यात होतं. भाजीपाल्यावर तर ते 2005 पासूनच बंद होतं.

डॉक्टरांपुढची अडचण समजून घ्या. मोनोक्रोटोफॉसचा उतारा ॲट्रोपीन. पण त्या यादीतली सगळीच रसायनं कोलिनेस्टरेजवर काम करणारी नव्हती. डायफेन्थ्युरॉन पेशीची ऊर्जा बनवण्याची यंत्रणा बंद पाडतं. इमिडाक्लोप्रिड निरोप्याचं सोंग घेऊन थेट दरवाजाच धरून बसतं. त्यांना उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. आणि रुग्णाच्या नातेवाइकाला विचारलं की उत्तर मिळतं, 'औषध मारत होता, साहेब.' कोणतं, ते कुणालाच सांगता येत नाही.

या बाबतीत दोन देशांचा अनुभव सांगून आम्ही थांबणार आहोत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1974 पासून नियम आहे. अशी विषं नियमित हाताळणाऱ्या मजुराची कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी कामापूर्वी करायची, तो त्याचा स्वतःचा मूळ आकडा. मग हंगामात पुन्हा तपासायचं. लाल पेशींमधलं विकर मूळ आकड्याच्या 70 टक्क्यांवर किंवा त्याखाली आलं, की त्या माणसाला फवारणीतून बाहेर काढायचं, त्याला काही त्रास जाणवत नसला तरी. बेडकाच्या हृदयातून निघालेलं ज्ञान तिथे मजुराच्या दंडातून घेतलेल्या रक्तापर्यंत पोचलं. दुसरा अनुभव श्रीलंकेचा. त्यांनी 1990 च्या दशकात सगळ्यात विषारी गटातली कीटकनाशकं बंद केली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणी हाताशी काय आहे, यावर माणूस जगतो की मरतो हे पुष्कळदा ठरतं. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको.

मग आपल्या पातळीवर काय करता येईल? चार गोष्टी, चारही साध्या. पहिली, गळका पंप पाठीवर घेऊ नका आणि कपडे भिजले की तिथेच काम थांबवून साबणाने अंग धुवा, विशेषतः कमरेखालचं. दुसरी, त्रास झाला तर दवाखान्यात जाताना रिकामा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या. डॉक्टरांना तो रक्ताच्या अहवालाइतकाच मोलाचा आहे. तिसरी, फवारणी करून देणाऱ्या मजुरांची जूनमध्ये, हंगामाआधी, एकदा रक्ततपासणी व्हावी अशी मागणी ग्रामसभेतून करा. चौथी, डॉक्टर मंडळींसाठी. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा. काय फवारलं, किती तास, कुठला कपडा भिजला होता, पहिलं लक्षण कधी आलं. महाडला नेमकं याच वहीने काम केलं.

लोवींच्या बेडकाला कुणी विचारलं नव्हतं. ट्रेव्हनच्या उंदरालाही नाही. त्यांनी जे द्यायचं ते दिलं. फवारणाऱ्या माणसाला मात्र विचारता येतं, त्याचं ऐकता येतं, त्याचं रक्त तपासता येतं. शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासातला हा भाग अजून लिहायचा आहे, आणि तो कापसाच्या मुलखाखेरीज दुसरीकडे कुठे लिहिला जाणार?

 आता प्रश्नांकडे वळू.